‘अपात्र’ ठरलेला लॅपटॉप भंगार नसतो

विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून दुरुस्तीच्या दुकानांत आणि कार्यालयांत एकच वाक्य सतत ऐकू येते: “यावर विंडोज ११ चालत नाही, आता हा भंगारात द्या.” या वाक्यापायी धडधाकट यंत्रे टाकून दिली जातात, म्हणून ते ठामपणे खोडायला हवे. यंत्र एखादी प्रणाली चालवू शकते का, हा एक प्रश्न. त्या यंत्राची हमी कंपनी घेते का, हा दुसरा. विंडोज ११ साठी पात्र प्रोसेसरांच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून सुरू होतात. तरीही सातव्या पिढीतला कोअर आय७-७८२०एचक्यू त्या यादीत आहे. तो मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता, आणि अपवादाचे कारण म्हणून कंपनीने ड्रायव्हरच्या नव्या पद्धतीकडे बोट दाखवले. म्हणजे रेषा आखताना केवळ चिपची ताकद पाहिलेली नाही. खरी तांत्रिक भिंत विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत आली: एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना ज्यात नाहीत, त्या प्रोसेसरवर ती सुरूच होत नाही. पण या भिंतीआड कोअर २ ड्युओच्या काळातली यंत्रे अडतात. सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप नव्हे.

यावर आक्षेप येतो की जुनी यंत्रे जास्त कोलमडतात. ऑगस्ट २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले होते, की चाचणीत अपात्र यंत्रांवर कर्नलचे बिघाड ५२ टक्के अधिक आढळले, तर पात्र यंत्रांचा अनुभव ९९.८ टक्के बिघाडमुक्त होता. हे दोन्ही आकडे एकाच मापाचे धरले, तरी ०.२ टक्क्यांची दीडपट म्हणजे सुमारे ०.३ टक्के. एवढ्या फरकावर लॅपटॉप निकालात काढता येत नाही. मात्र म्हणून तपासणी चुकवून विंडोज ११ बसवावे आणि निर्धास्त राहावे, हेही तितकेच चूक. अशा यंत्रांना अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. दरमहाचे सुरक्षा-अपडेट सहसा येतात, पण वार्षिक आवृत्ती आपणहून येत नाही. होम आणि प्रो यांच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच सपोर्ट असतो, म्हणून दर वेळी तीच खटपट स्वतः करावी लागते. ज्याला ती जमणार नाही, त्याने उबुंटूसारखे लिनक्स घ्यावे. त्याच्या एलटीएस आवृत्तीला पाच वर्षे नियमित सुरक्षा-अपडेट मिळतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. विंडोज ११ ला लागणारे टीपीएम हे सुरक्षा-साधन ‘नाही’ असा संदेश आला तरी पुष्कळदा ते बायोसमध्ये फक्त बंद असते. इंटेलच्या यंत्रांत पीटीटी, एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम या नावाने शोधावे. अँटिव्हायरस घातला म्हणून विंडोज १० मधली नवी भगदाडे बुजत नाहीत. ते काम अपडेटचे, आणि त्यासाठी घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा-योजना देऊ केली गेली. लिनक्स मिंटवर रोजचे काम माउसनेच होते, आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. पण टॅली किंवा श्रीलिपीसारखी विंडोजसाठी बनलेली सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाहीत, आणि ज्याचे पोट त्यांवर आहे त्याने नवा लॅपटॉप घेणे रास्त आहे. ब्राउझर, पत्रव्यवहार आणि मुलांचा अभ्यास एवढ्यासाठीच वापर असेल, तर चालू यंत्र भंगारात द्यायला सबळ कारण नाही.