बिदागी की पगार?

पगार आणि बिदागी यांतला फरक दरबारी गवयाच्या मुलाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. बडोद्याच्या कलावंत कारखान्यातल्या गवयाला दरमहा पगार मिळे. बाहेर मैफल झाली, तर पदरी पडे ती बिदागी. पगारात शाश्वती, बिदागीत यजमानाची मर्जी. म्हणूनच फ्रेंच वेतनपत्रकातला ‘काशे’ हा शब्द पाहून मी थबकलो.

काशे म्हणजे कलावंताला एका कार्यक्रमाबद्दल मिळणारी रक्कम. इंग्रजीत तिला सर्रास ‘फी’ म्हणतात. पण फी घेतो तो वकील किंवा डॉक्टर, स्वतःच्या मुखत्यारीने काम करणारा. फ्रान्समध्ये मात्र १९६९ च्या कायद्यापासून रंगमंचावरचा कलावंत सामान्यतः नोकरदारच धरला जातो. एका संध्याकाळच्या वादनाचेही त्याला वेतनपत्रक मिळते. त्यातून विम्याची आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी कापली जाते. बेकारीभत्त्याच्या हिशेबात एक काशे म्हणजे १२ तासांचे काम. बारा महिन्यांत असे ५०७ तास भरले, की रिकाम्या दिवसांसाठी भत्ता मागता येतो. ‘फी’ लिहिले, की हा सारा आधार कागदावरून नाहीसा होतो आणि परदेशी कचेरीतला कारकून त्या वादकाला बिननोकरीचा समजून बसतो.

त्याच पत्रकात ‘सेएसजे’ नावाची एक कपात असते. तिच्या नावातच ‘कोंत्रिब्युस्यों’ आहे, म्हणून इंग्रजीत वर्गणी लिहावी, तर फ्रान्सच्या घटना परिषदेने १९९० मध्ये तिला कर ठरवले. बरे, कर लिहावा, तर युरोपीय न्यायालयाने २००० साली ती सामाजिक विम्याची वर्गणी मानली! हा वाद नुसता पंडिती नव्हे. फ्रान्समध्ये राहणाऱ्या अमेरिकनांना या कपातीची वळती आपल्या देशातल्या करात मिळत नसे. कारण तिथले करखाते तिला विम्याची वर्गणी समजे. कोर्टकज्जे होऊन २०१९ मध्ये त्या खात्याने हरकत सोडली, तेव्हा लोकांना पैसे परत मागता आले.

बडोद्याच्या वाचकांना याचे नवल वाटू नये. राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये काढवला होता. कोश हवाच, पण वेतनाच्या कागदावर शब्दामागचा हक्कही उतरला पाहिजे. माझे मत विचाराल, तर ‘काशे’ तसाच ठेवावा आणि शेजारी स्पष्ट लिहावे: एका कार्यक्रमाचे, नोकरदार म्हणून दिलेले वेतन. अनुवादकाला एक ओळ जास्त पडेल; वादकाला मात्र भाड्याचे घर मिळणे सोपे जाईल.