फोन कुणाच्या नावावर?

नागावच्या वाडीत मामाने ओटीवर सातबारा पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पानाचा डबा ठेवला. 18 गुंठे, नारळ-पोफळी, मागे पाच खोल्या. शनिवारी ठाण्या-पुण्याच्या गाड्या अंगणात मावत नाहीत. मृत्युपत्रासाठी अलिबागहून आलेल्या वकीलबाईंनी पैशांचं काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "नाना, ही वाडी तुमच्याकडे आली कशी?"

वडिलोपार्जित, सामाईक असती तर मामाला फक्त आपल्या हिश्शापुरतं मृत्युपत्र करता आलं असतं. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यात मुलीचा हक्कही मुलाइतकाच. पण ही वाडी मामाने स्वतः विकत घेतलेली. खरेदीखत निघालं, बाई खूश.

आजोबांची वाडी शेजारीच. तिच्या सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली तीन केव्हाच वर गेलेल्यांची. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात पोफळी आडव्या झाल्या आणि भरपाईच्या संमतीपत्रावर सह्या घ्यायला मामा बोरिवलीपासून बडोद्यापर्यंत हिंडला. मृत्युपत्राचं नाव काढलं की पूर्वी उठून जायचा. त्या हिंडण्यानंतर स्वतःच वकील शोधायला लागला.

इंग्लंडात लोक हे सगळं बरंचसं कर वाचवायला करतात. आपल्याकडे मृत्युकर 1985 मध्येच गेला. आपण करतो ते भाऊबंदकी टाळायला, आणि तेही साठी उलटल्यावर.

जमिनीचं तासाभरात उरकलं. अडलं ते धंद्यापाशी. न्याहारी-निवास योजनेतली नोंद मामाची, करंट खातं मामाचं, गिऱ्हाईक ज्या नंबरावर फोन करतं तोही मामाचा. उद्या मामा गेला तर खोल्या उभ्याच राहतील, पण खातं गोठेल. "मग पोरीला भागीदार करतो," मामा म्हणाला. स्वयंपाक, खोल्या, हिवाळ्यातली पोपटी, सगळं तीच बघते. बाईंनी नकारार्थी मान हलवली. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार भागीदार वारला की फर्म मोडते. करारात तसं लिहिलं तर चालू राहते. पण दोघांच्याच फर्ममध्ये एक गेला तर उरतो एकटा, आणि एकट्याची भागीदारी होत नाही. म्हणून तिसरी भागीदार मामी. मामी आतून ओरडली, "मला सही करायला बोलवा, हिशेब विचारू नका."

मुलगा कामोठ्याला नोकरीत. मामाचं पालुपद एकच, "दोघांना निम्मं-निम्मं."

"विहीर निम्मी कशी करणार?" बाईंनी विचारलं.

मामा बराच वेळ सुपारी कातरत बसला. शेवटी ठरलं: खोल्या आणि वाडी मुलीला, एफडी मुलाला, शिवाय मुलीने पाच वर्षांत भावाला ठरलेली रक्कम द्यायची. एफडीला मुलगा नॉमिनी आहेच, मग लिहायचं कशाला, असं मामाचं म्हणणं. बाई म्हणाल्या, नॉमिनीने पैसे फक्त ताब्यात घ्यायचे, मालकी वारसाची. शेअर-फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. म्हणून तेही लिहिलं. मुलगा फोनवर "बरं" एवढंच म्हणाला. मला ते "बरं" फारसं बरं वाटलं नाही.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साक्षीदार मात्र दोन हवेत. ज्याला काही मिळणार आहे तो नको, म्हणून शेजारी आणि डॉक्टर. मामाला नोंदणीच हवी होती. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो झाला, पण अंगठा उमटेना. वर्षानुवर्षं सुपारी सोलून रेघाच झिजलेल्या. ओल्या फडक्याने पुसून तिसऱ्यांदा टेकवला तेव्हा घेतला.

मसुद्यात सातवं कलम फोन नंबरचं होतं, मुलीकडे जावा म्हणून. बाईंनी ते खोडलं. "मरेपर्यंत कशाला थांबता, आत्ताच फर्मच्या नावावर करून टाका."

मामा "करू की" म्हणाला. त्याला आता दोन पावसाळे झाले. फोन अजून मामाच्या उशाशीच असतो.