जागेपणातून थेट स्वप्नात शिरता येते का?

आपण स्वप्न पाहतोय, हे स्वप्नातच कळणे म्हणजे 'ल्युसिड ड्रीम'. १९७५ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी झोपेत असलेल्या ॲलन वर्स्ली यांचे डोळ्यांच्या हालचालींतून दिलेले, आधीच ठरलेले संकेत टिपले आणि याला पुरावा मिळाला.

यातला अवघड प्रकार म्हणजे भान न सोडता थेट स्वप्नात जाणे. रात्री पाठ टेकताच केलेला प्रयत्न बहुधा फसतो. कारण स्वप्नांची 'रेम' झोप साधारण दीड तासाने सुरू होते आणि तिचे लांब टप्पे पहाटे येतात. म्हणून पाचेक तास झोपून उठायचे, थोडे जागे राहून पुन्हा आडवे व्हायचे. अंग सैल, मनात आकडे. डोळ्यांपुढे रंग, आकृत्या तरळतात. त्यांचा पाठलाग करायचा नाही.

खरी परीक्षा पुढेच. रेममध्ये स्नायू शिथिल होतात, म्हणून तर स्वप्नात पळणारा माणूस अंथरुणातच राहतो. पण भान जागे असेल तर हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते. हाच 'स्लीप पॅरालिसिस'. श्वास सुरूच असतो, थोड्या वेळात सुटकाही होते. नवखे मात्र इथेच दचकून उठतात.

अशी झोपमोड रोज नको. सकाळी गाडी चालवायची असेल, तर त्या रात्री अजिबात नको.