विश्लेषण : बोयाच्या चित्रात गोलाई येते कशी?

कागदावर नुसते वर्तुळ काढले, तर तो चेंडू आहे, थाळी आहे की वाटी, हे पाहणाऱ्याला कळत नाही. उत्तनच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यासाठी वापरला जाणारा बोया ओळखीचा असतो; पण तो न पाहिलेल्या अधिकाऱ्यापुढे फक्त चित्र असते. समजा, एखाद्या कारागिराने बोयाला नवा आकार दिला आणि त्याच्या डिझाइनच्या नोंदणीसाठी अर्ज करायचे ठरवले, तर हा प्रश्न पैशांचाही होतो.

नोंदणी नेमकी कशाची?

डिझाइन कायदा, २००० वस्तूच्या दिसण्याला संरक्षण देतो, कामाच्या पद्धतीला नाही. हे संरक्षण आधी १० वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी ५ वर्षे मिळते. अर्जापूर्वीच उघड झालेल्या डिझाइनची साधारणपणे नोंदणी होत नाही. हक्क चित्रात दिसणाऱ्या आकारालाच मिळतो. त्यामुळे फुगवटा आणि खड्डा यांतला फरक चित्रात दिसायलाच हवा. भारतात फोटोही चालतात. रेखाचित्र द्यायचे, तर छायारेषा कामी येतात. अमेरिकेत डिझाइन पेटंटच्या चित्रात पुरेसे छायांकन असावे, असा नियमच आहे; काळा रंग किंवा रंगभेद दाखवायचा नसेल, तर ठोकळ काळा भराव तिथे चालत नाही.

रेषा कुठे दाट, कुठे विरळ?

प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून, ४५ अंशांत येतो, असा संकेत आहे. म्हणून फुगीर बोयाच्या खालच्या उजव्या कडेला वर्तुळाशी समांतर चाप दाट येतात आणि उजेडाकडे विरळ होत जागा कोरी राहते. खोलगट वाटीत हे उलटते : सावली वर डावीकडे पडते. नळकांड्याला अक्षाशी समांतर रेषा लागतात. डोल जाळे शंकूसारखे निमुळते असल्याने त्याच्या रेषा टोकाकडे एकवटतात. तिथे शाईचा गोळा होऊ नये म्हणून एकाआड एक रेषा आधीच थांबवावी.

संगणकावर काम कसे करायचे?

नवख्याची मोठी चूक इथेच होते. ऑटोकॅडमधील ‘हॅच’ने समान अंतराच्या तिरक्या रेषा भरल्या, की चित्र छान भरलेले दिसते. पण अभियांत्रिकी आरेखनात अशा ४५ अंशांच्या रेषांचा अर्थ ‘वस्तू इथे कापली आहे’ असा होतो. भरीव बोया मग चिरलेल्या कलिंगडासारखा वाचला जातो.

मोफत मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये मार्ग सोपा आहे. बाह्यरेषा जाड ठेवून छायारेषांसाठी वेगळा थर घ्यावा. त्यांची जाडी बाह्यरेषेच्या निम्मी पुरते. पहिला आणि शेवटचा चाप काढून दोन्ही निवडावेत आणि ‘एक्स्टेन्शन्स’मधील ‘इंटरपोलेट’ चालवावे. मधले चाप आपोआप येतात. त्यातील ‘एक्स्पोनंट’ हा आकडा बदलला, की रेषा एका टोकाकडे दाटतात, हीच सावली. बाहेर गेलेल्या रेषा बाह्यरेषेची प्रत वर ठेवून ‘क्लिप’ने छाटाव्यात.

रेषा जितक्या कमी, तितके चित्र वाचायला सोपे. शेवटी चित्र प्रत्यक्ष आकारात छापून हातभर अंतरावरून पाहावे : पडद्यावर मोठे करून पाहताना सुट्या दिसणाऱ्या रेषा छापल्यावर अनेकदा एकमेकींत मिसळतात.