चहाचें आधण

चहा हा विषय इतका घरगुती आहे कीं, त्यावर कोणीं लेख लिहावा असें सहसा वाटत नाहीं. जी गोष्ट दिवसांतून तीन वेळां घरोघर होते, तिच्यांत शिकण्यासारखें तें काय उरलें, असें वाचक म्हणतील. आणि गेल्या पावसाळ्यापर्यंत आमचेंही मत हेंच होतें. आमचें घर डोंबिवलीचें, माणसें अकरा. पहाटेच्या लोकलनें जाणाऱ्यांसाठीं पांचाच्या सुमारास मोठें पातेलें शेगडीवर चढतें. त्यांत पाणी, साखर, ठेचलेलें आलें, गवती चहाच्या पातीची एक गांठ, मग चहाची पूड आणि शेवटीं दूध. चहा म्हणजे हाच. त्याहून निराळा चहा असूं शकेल हें आमच्या ध्यानींमनींही नव्हतें.

श्रावणांत आमच्या पुतण्यानें दार्जिलिंगहून येतांना पत्तीचा एक लहानसा डबा आणला. मोठ्या कौतुकानें आम्हीं ती नेहमींच्या पातेल्यांत टाकली, दहा मिनिटें खळखळ उकळली आणि वर दूध ओतलें. चहा फिका तर झालाच, वर कडवट झाला. "एवढ्या मोलाचा, आणि असा पाणचट!" असें म्हणून थोरल्या वहिनींनीं तो डबा फडताळांत मागें सारला. पुतण्या हळूच म्हणाला, "काकू, तुम्ही त्याचा काढा केलात. हा उकळायचा नसतो, मुरवायचा असतो." तेथून आमची चहाची शाळा सुरू झाली.

काढा हा शब्द मुलानें सहज वापरला. पण त्यांत आपल्या समाजांतील चहाचा बराच इतिहास आला. चहा आपल्या घरांत सुखासुखी शिरलेला नाहीं. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानास गेलेल्या मंडळींपुढें चहा आणि बिस्किटें आलीं. न्यायमूर्ति रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखे पुरुष त्या मंडळींत होते. कोणीं चहा घेतला, कोणीं पेला नुसता हातीं धरून खालीं ठेवला. पुढें त्या सर्वांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालीं, तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, आणि पेलाभर चहापायीं प्रायश्चित्ताचा वाद दोन वर्षें गाजला. या प्रकरणाची घरांतली बाजू रमाबाई रानडे यांनीं आपल्या आठवणींत सांगितली आहे. हा सारा बेत रचणारे गोपाळराव जोशी आपल्या भागास परके नव्हत. एके काळीं ते कल्याणास टपालखात्यांत नोकरीस होते, आणि १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या त्यांच्या पत्नी डॉ. आनंदीबाई यांचें माहेरही कल्याणचेंच.

धर्माचा अडसर कालांतरानें गळाला. मग चहा घरांत आणण्यास आगगाडीचें साह्य झालें. ठाण्यास आगगाडी आली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं, आणि कल्याणास १ मे १८५४ रोजीं. आसामचा चहा १८३९ सालींच लंडनच्या लिलावांत उभा राहिला होता. परंतु पुढें कित्येक वर्षें तो बहुतेक सारा विलायतेसच जाई. १९०३ सालीं निर्यातीच्या चहावर कायद्यानें पट्टी बसली, आणि त्या पैशांतून देशांतही चहाचा प्रचार सुरू झाला. रेल्वेच्या स्टेशनांवर चहाचीं दुकानें निघालीं आणि चहा कसा करावा हें शिकविणाऱ्या पाट्या लागल्या. चहा किटलींत घ्यावा, त्यावर उकळतें पाणी ओतावें, झांकण ठेवून कांहीं मिनिटें थांबावें आणि दूध मागाहून घालावें, असा त्या पाट्यांचा उपदेश असे. आपल्या लोकांनीं चहा घेतला, उपदेश मात्र तेथेंच ठेवला! ज्या पातेल्यांत सुंठ-तुळशीचा काढा होत असे, त्याच पातेल्यांत चहा उकळूं लागला.

यांत आपलें चुकलें असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. १९३० च्या सुमारास आसामांत एक नवें यंत्र निघालें. दांते असलेल्या रुळांमधून पान जातें, चिरडलें जातें, फाटतें आणि वळून त्याचे बारीक दाणे होतात. इंग्रजी क्रियापदांच्या आद्याक्षरांवरून त्यास 'सी. टी. सी.' म्हणतात. आपल्या घरांतील दाणेदार पूड ती हीच. ती रंग लवकर सोडते, थोडक्यांत पुष्कळ पेले देते, आणि दूध-साखर घातली तरी तिची चव दबत नाहीं. ही पूड उकळण्याच्याच योग्यतेची आहे. आमची चूक एवढीच कीं, तिचा न्याय आम्हीं साऱ्याच पानांस लावला.

वास्तविक सर्व चहा एकाच झाडाचा. त्याच्या मुख्य जाती दोन: चिनी जात लहान पानाची, आणि आसामी जात मोठ्या पानाची. काळा, हिरवा, पांढरा हे भेद झाडाचे नव्हत, खुडल्यानंतरच्या संस्कारांचे. हें समजण्यास आपल्या वांग्यासारखा गुरु नाहीं. वांगें चिरून ठेवलें कीं घटकाभरांत काळें पडतें, म्हणून आपण फोडी पाण्यांत टाकतों. आणि तीच फोड शिजविली कीं तिचें तें काळवंडणें थांबतें. चहाच्या पानाचेंही तसेंच आहे. पान सुकवून, चुरून हवेंत ठेवलें कीं तें तांबूस होतें व त्यास गडद चव येते. तो काळा चहा. खुडल्यावर लगेच वाफ किंवा आंच दिली तर पान हिरवें राहतें. तो हिरवा चहा. मध्येंच थांबविला कीं ऊलाँग. नुसते कोंवळे कोंब फारसे न चुरतां वाळविले कीं पांढरा.

हें ध्यानीं आल्यावर आम्हीं वहिनींच्या फडताळांतून तो डबा पुन्हां बाहेर काढला, आणखी तीन-चार प्रकारचीं पानें थोडथोडीं मिळविलीं, आणि चार रविवार दुपारीं करून पाहिलीं. प्रमाण सर्वांचें सारखें ठेवलें: दीडशें मिलिलिटरच्या कपास दोन ते अडीच ग्रॅम पत्ती. पानें फुललेलीं असल्यानें तो चमचा शीग भरून होतो. दाणेदार पुडीचा सपाट चमचा तेवढाच भरतो. जें आढळलें तें असें.

दार्जिलिंगचा वसंतांतील पहिला तोडा फार नाजूक. पाण्यास उकळी आल्यावर पातेलें खालीं उतरवावें, मिनिट-दोन मिनिटें थांबून पत्तीवर ओतावें आणि तीन मिनिटांच्या आंत गाळावें. दूध अजिबात नको. रंग फिका येतो म्हणून निराश होऊं नये. तो तसाच असावयाचा. मे-जूनमधील दुसरा तोडा जरा अंगानें भरलेला असतो. तो चार मिनिटें मुरला तरी चालतो. आसामचें सबंध पान उकळत्या पाण्यांत चार-पांच मिनिटें ठेवावें. तें थोडें दूध सहज सोसतें. निलगिरीचा चहा निवळ आणि सुगंधी. लिंबाचे चार थेंब त्यास शोभतात. आणि कोणताही चहा कडक हवा असेल, तर पत्ती वाढवावी, वेळ वाढवूं नये. वेळ वाढविल्यानें चहा कडक होण्यापेक्षां तुरटच अधिक होतो.

खरी फजिती झाली ती हिरव्या चहानें. उकळत्या पाण्यांत तो कडू जहर होतो. त्यांतील कडवट व तुरट द्रव्यें कढत पाण्यांत भराभर उतरतात. गोडसर चव देणारें द्रव्य मात्र कोमटाहून थोड्या अधिक उष्णतेंतही येतें. त्यास पाणी हवें सुमारें ८० अंशांचें. घरांत तापमापक नसेल तर काय करावें? यावर उपाय सांपडला तो आमच्या आईंस. त्या म्हणाल्या, "अरे, न्हाणीघरांत काय करतां? विसण घाला!" तीन वाट्या खळखळत्या पाण्यांत एक वाटी माठाबाहेरचें साधें पाणी घातलें कीं नेमकें ८० अंशांच्या आसपासचें पाणी मिळतें, गणितानेंही तें पटतें. त्यांत पत्ती दोन मिनिटें ठेवावी आणि काढावी. चांगली पत्ती असल्यास तीच पुन्हां एकदां चालते.

आपल्या नेहमींच्या चहाविषयींही या निमित्तानें कांहीं उमगलें. कच्चें आलें दुधांत पडलें तर दूध नासण्याचा संभव असतो. म्हणून आलें प्रथम पाण्यांत चांगलें उकळूं द्यावें आणि दूध मागाहून घालावें. गुळाचा चहा फाटतो तो गूळ दुधाबरोबर उकळल्यानें. पातेलें खालीं उतरविल्यावर गूळ घालून ढवळला कीं बहुधा फाटत नाहीं. गवती चहा हा चहाच नव्हे, तें एक सुगंधी गवत आहे. परंतु कल्याण-ठाण्याच्या पावसांत गॅलरीतल्या कुंडींतही तें इतकें माजतें कीं, शेजाऱ्यांस वाटून उरतें. याच दमट हवेंत चहा सर्दतो, आणि मसाल्याचा वासही लगेच ओढून घेतो. म्हणून पत्ती घट्ट झांकणाच्या डब्यांत, हिंगाच्या डबीपासून दूर आणि शेगडीच्या उबेपासून लांब ठेवावी. काचेच्या बरणींत उजेडास तर ठेवूंच नये.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावासा वाटला, ती सांगतों. निरनिराळ्या चहांस निरनिराळें पाणी आणि निरनिराळा वेळ लागतो. तेव्हां एका पातेल्यांत अकरा माणसांचा चहा होऊं शकत नाहीं. पहिल्या रविवारीं वहिनी सवयीनें ओट्यापाशीं उभ्या राहिल्या, आणि पुतण्या म्हणाला, "काकू, तुम्ही बसा. ज्यानें त्यानें आपापला करायचा आहे." त्या बसल्या. त्यांच्यापुढें दार्जिलिंगचा कप आला. एक घोट घेऊन त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मला साखर आवडत नाहीं, हें मला आजच कळलें."

आम्ही सारे वरमलों. तीस वर्षें त्यांनीं या घरांत चहा केला. सर्वांस वाढून झाल्यावर पातेल्यांत जें उरे, तें पुन्हां ऊन करून, भाकरी-पोळीच्या घाईंत उभ्यानें पिणें हा त्यांचा चहा. अर्थात् तो बहुधा जेवणाच्या आगेंमागें होई. ही गोष्ट केवळ भावनेची नाहीं. डाळी, पालेभाज्या आणि धान्य यांतील लोह चहांतील तुरट द्रव्यांशीं बांधलें जातें आणि अंगीं कमी लागतें. ज्या घरांत मांसाहार नाहीं तेथें लोह या अन्नांतूनच यावयाचें, म्हणून आपल्यासारख्या घरांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा ते एकूणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय आढळला. त्याचीं कारणें अनेक आहेत, आणि चहावर सारा दोष ढकलणें योग्य होणार नाहीं. तथापि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं काढलेल्या आहारविषयक सूचनांत जेवणापूर्वीं व जेवणानंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी असें स्पष्ट सांगितलें आहे. जेवणांत लिंबू किंवा आंवळा असला तर लोह अंगीं लागण्यास साह्य होतें.

१८९० सालीं आपल्या समाजापुढें प्रश्न होता, चहा कोणाच्या हातचा प्यावा. तो प्रश्न संपला. पण ज्या हातांनीं तो रोज होतो, त्या हातांत कप केव्हां येतो, हें आम्हीं कधीं विचारलेंच नाहीं.

आमच्या घरीं पहाटेचें पातेलें अद्यापि चढतें; लोकलच्या वेळेस पानें मुरवीत बसण्यास कोणास सवड आहे? मात्र त्यांतला पहिला कप आतां पातेलें चढविणाऱ्याचा असतो, आणि चढविणारे हात पाळीपाळीनें बदलतात. दुपारचा चहा जेवणानंतर तास उलटल्यावर होतो. रविवारीं चार वाजतां आधणाचें पाणी एकदांच ठेवतों. मग ज्याला विसण हवें तो विसण घालतो, ज्याला आलें हवें तो आलें ठेचतो. वहिनी आपली पत्ती आपण मोजून घेतात, घड्याळाकडे पाहून तीन मिनिटांनीं गाळतात, आणि खिडकीपाशीं बसून ऊन ऊन पितात.