‘आई गं!’ कोण म्हणायला लावतं?

पळता पळता धपकन पडलात, गुडघा खरचटला, आणि तोंडातून ‘आई गं!’ निघालंच. आता मला सांगा, गुडघ्याला लागलं हे मेंदूला कळलं कसं?

‘मज्जातंतूंनी सांगितलं!’ शाब्बास. पण मज्जातंतूंना कुणी सांगितलं? खरी गंमत तर इथेच आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत एटीपी नावाचा रेणू असतो. पूर्ण नाव अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट. तो न्यूक्लिओटाइड कुळातला. डीएनए ज्यांचा बनतो, ते रेणूही याच कुळातले. धावायला, श्वास घ्यायला, अगदी गणित सोडवायलासुद्धा लागणारी ऊर्जा एटीपीतून मिळते. शरीर ते सतत वापरतं आणि सतत पुन्हा तयार करतं. मोठा माणूस दिवसभरात साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी वापरतो, बोला!

हे एटीपी पेशीच्या आत भरपूर असतं, बाहेर मात्र जवळपास नसतंच. खरचटल्यावर पेशी फाटतात आणि ते बाहेर सांडतं. साखरेचा डबा लवंडला की मुंग्यांना लगेच पत्ता लागतो ना? तसाच सांडलेल्या एटीपीचा पत्ता जवळच्या मज्जातंतूंच्या टोकांना लागतो.

तिथे बसलेली असतात ग्राही नावाची प्रथिनं. वेदनेच्या मज्जातंतूंवरच्या एका ग्राहीचं नाव आहे पी-2-एक्स-3. त्याच्यावर एटीपीचे तीन रेणू बसले की त्याच्या मधोमध एक बारीक छिद्र उघडतं. त्यातून सोडियम आणि कॅल्शियमचे आयन आत घुसतात आणि विजेचा संदेश सुरू होतो. गुडघ्यापासून मेरुरज्जूपर्यंत, तिथून मेंदूपर्यंत. मग ‘आई गं!’

थोड्याच वेळात विकरं या एटीपीचे तुकडे करतात. शेवटी उरतं अ‍ॅडेनोसिन. त्याचे ग्राही वेगळे, आणि त्यांतले काही मज्जातंतूंना चक्क शांत करतात! म्हणजे दुखवणाऱ्या रेणूतूनच शांत करणारा रेणू तयार होतो.

हे सगळं कळायला फार वर्षं लागली. 1960 च्या दशकात जेफ्री बर्नस्टॉक हे शास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गिनिपिगच्या आतड्याच्या स्नायूवर प्रयोग करत होते. मज्जातंतू ज्या दोन रसायनांनी स्नायूला निरोप देतात असं तेव्हा मानत, त्या दोन्हींचं काम त्यांनी औषधांनी बंद पाडलं. आता मज्जातंतूला विजेचा झटका दिला तरी स्नायू ढिम्म राहायला हवा होता. पण तो सैल पडला! म्हणजे निरोप देणारं तिसरं काहीतरी होतं. 1972 मध्ये त्यांनी ठामपणे लिहिलं, ते एटीपी आहे.

अनेकांना ते पटेना. ऊर्जेचा इतका मोलाचा रेणू पेशी बाहेर कशाला टाकेल? बर्नस्टॉक मात्र हटले नाहीत, वर्षानुवर्षं पुरावे गोळा करत राहिले. पुढे 1990 च्या दशकात एटीपीच्या ग्राहींची जनुकंच सापडली आणि वाद मिटला. आज माणसात पी-2-एक्सचे सात आणि पी-2-वाय नावाच्या दुसऱ्या कुळातल्या ग्राहींचे आठ प्रकार माहीत आहेत. इतक्या चिकाटीनं एक कल्पना धरून ठेवणाऱ्या माणसाला मी तर मनापासून सलाम करते.

आता याचा उपयोग बघा. घशातल्या मज्जातंतूंवरही पी-2-एक्स-3 असतं आणि खोकल्याची उबळ येण्यात त्याचा वाटा असतो. त्याला अडवणारं गेफापिक्झंट हे औषध 2022 मध्ये जपाननं जुनाट खोकल्यासाठी मंजूर केलं. पण ते घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या तोंडाची चव बिघडली! का? जिभेवरच्या रुचिकलिका चवीचा निरोपही एटीपीनंच देतात, आणि तो टिपणाऱ्या ग्राहीत पी-2-एक्स-3 सोबत पी-2-एक्स-2 जोडलेलं असतं. घशातला ग्राही अडवायला गेलं की जिभेवरचाही अडतो. म्हणून आता शास्त्रज्ञ असं औषध शोधताहेत, जे घशातला ग्राही बंद करेल आणि जिभेवरचा मोकळा ठेवेल. दोघांच्या घडणीत थोडासाच फरक आहे, आणि सगळी भिस्त आहे ती त्या थोड्याशा फरकावर.