घरात क्रिस्ती, शाळेत मराठी: मूल गोंधळतं का?

मंडळी, आज रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला जाऊया. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या या गावात हजारेक लोक घरात क्रिस्ती बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज १७४० साली इथून गेले, शब्द राहिले. वाक्याची बांधणी मात्र मराठीसारखी झाली, क्रियापद शेवटी!

इथलं मूल घरात क्रिस्ती शिकतं, शाळेत मराठी. आता इंग्रजीही आली. मग घरच्यांना वाटतं, पोर गोंधळेल, क्रिस्ती बंद करू.

मला हे अजिबात पटत नाही. मूल म्हणजे स्टोरेज भरलेला फोन नाही, की एक ॲप उडवलं तरच दुसरं बसेल. कोणाशी कुठली भाषा बोलायची, हे दोन वर्षांचं पोरही ओळखायला लागतं. एका वाक्यात दोन भाषा आल्या, तर जो शब्द हाताशी होता तो त्याने वापरला, एवढंच. एकेका भाषेत शब्द थोडे कमी भरतील. पण मोजायचे तर दोन्हींचे मिळून मोजा ना.

माँटेसरी पद्धत आपल्या मातीत रुजवणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. मग मुलाची भाषा वर्गात आणायला काय हरकत आहे? चित्र दाखवून बाईंनी विचारावं, "तुझ्या घरी याला काय म्हणतात?" आणि तुमच्या घरी क्रिस्ती बोलणारी आजी असेल, तर तिची एक गोष्ट फोनवर रेकॉर्ड करून बालवाडीत ऐकवा.